आईच्या टू-डी इकोसाठी आम्ही हेच सेंटर का धरून ठेवलं

आईला स्तनाच्या कर्करोगासाठी ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं चालू आहेत. या औषधाने हृदयाचे स्नायू कमजोर होऊ शकतात, म्हणून साधारण दर 3 महिन्यांनी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागतो. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. प्रश्न असतो तो आकड्यावर विश्वास ठेवायचा का, एवढाच.

आधी जिथे जायचो तिथे दर वेळी डॉक्टर वेगळे आणि रिपोर्टवर एकच ओळ: इजेक्शन फ्रॅक्शन 60 टक्के. म्हणजे दर ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा त्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा. मोजलं की नजरेने ठरवलं, कळायला मार्ग नाही. अनुभवी नजर बऱ्याचदा बरोबरच सांगते. पण आईच्या बाबतीत आकडा 50 च्या खाली गेला तर इंजेक्शन थांबवायचा विषय निघतो, आणि मोजणारा माणूस बदलला की 10 टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या मोजणीतूनही येऊ शकतो.

नाशिकला कॉलेज रोडजवळच्या या छोट्या सेंटरमध्ये डॉक्टरबाई स्वतः इको करतात, दर वेळी त्याच मशीनवर. आईची शस्त्रक्रिया डाव्या बाजूचीच, आणि प्रोब नेमका तिथेच टेकवावा लागतो. "काकू, व्रणावर दुखलं तर लगेच सांगा, मी थांबते," हे त्यांनी आधीच सांगितलं. डाव्या कुशीवर वळवून, श्वास रोखायला लावून त्यांनी दोन वेगवेगळ्या बाजूंनी डाव्या कप्प्याच्या कडा आखल्या. ही सिम्पसनची पद्धत. रिपोर्टमध्ये कप्प्याचं आकारमान मिलिलिटरमध्ये, त्या वेळचं बीपी आणि मागच्या वेळचे आकडे शेजारी दिलेले असतात.

शिवाय त्या स्ट्रेन मोजतात, म्हणजे स्नायू लांबीच्या दिशेने किती आकुंचन पावतो ते. इजेक्शन फ्रॅक्शन घसरायच्या आधीच स्ट्रेन कमी व्हायला लागतो. पहिल्या मोजणीच्या तुलनेत 15 टक्क्यांहून जास्त घट झाली तर सावध व्हायचं. ज्यांच्या घरी अशी औषधं चालू आहेत त्यांनी हे मागून घ्यावंच. नेहमीच्या इकोत ते बहुतेक ठिकाणी नसतं.

अडचणी आहेत. लिफ्ट नाही, सेंटर पहिल्या मजल्यावर, आणि केमोने थकलेल्या माणसाला तो जिना जड जातो. स्ट्रेनचे पैसे वेगळे लागतात, ते फोनवरच विचारा. जुने रिपोर्ट सोबत न्या आणि इकोच्या क्लिप्स पेनड्राइव्हवर मागा, त्या देतात.