‘रनर्स पॅकेज’: तीन तारे, त्यातला एक ताईंच्या हाताला

घराजवळच्या लॅबचं १,८०० रुपयांचं ‘रनर्स पॅकेज’ घेतलं. पत्रकावर ठळक अक्षरांत होतं, ‘डोपिंग पासपोर्टसारखी तपासणी’, म्हणजे खेळाडूने उत्तेजकं घेतली का हे हुडकायला ठेवतात तशी रक्ताची नोंद. पंचेचाळिशीतला हौशी धावपटू मी, भुललो!

रक्त घेणाऱ्या ताई कसबी. सुई टोचलेली कळलीही नाही. पण मी तळजाई टेकडीवरून पळून तसाच घामाघूम गेलो होतो, आणि त्यांनी खुर्चीत टेकताच नळी भरली. खऱ्या पासपोर्ट चाचणीत व्यायामानंतर काही वेळ थांबवतात, वर दहा मिनिटं स्वस्थ बसवतात. कारण घाम गेला की रक्तातलं पाणी घटतं, हिमोग्लोबिन उगाच चढलेलं दिसतं.

रिपोर्टात हिमोग्लोबिन १४.६ (लिटरमागे १४६ ग्रॅम), रेटिक्युलोसाइट म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशी १ टक्का. या दोन्हींवरून डोपिंगचा संशय जोखणारा ‘ऑफ-स्कोअर’ मीच कागदावर मांडला: रेटिक्युलोसाइटच्या टक्केवारीचं वर्गमूळ गुणिले ६०, ते १४६मधून वजा, म्हणजे ८६. ईपीओ हे तांबड्या पेशी वाढवणारं उत्तेजक घेऊन थांबलेल्याचं हिमोग्लोबिन चढलेलंच राहतं, कोवळ्या तांबड्या पेशी मात्र घटतात, म्हणून त्याचा आकडा फुगतो. पण एकाच नमुन्यावरून काय डोंबल कळणार? २००९पासूनचा पासपोर्ट खेळाडूला त्याच्याच जुन्या नमुन्यांशी ताडून बघतो. सायकलिंगमध्ये १९९७ साली पुरुषांसाठी आलेल्या सरसकट ५० टक्के हिमॅटोक्रिटच्या (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या वाट्याच्या) मर्यादेपेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, मात्र १४ निघालं, कमीच. चढावर धाप का लागते ते कळलं, पैसे वसूल. पत्रकातला तो ‘पासपोर्ट’ शब्द तेवढा खोडून टाका.