लघवीतलं प्रोटीन तपासायच्या पट्ट्या: दहा वर्षांच्या वापरानंतर

बाटली गोळ्यांच्या बाटलीएवढीच. आत प्लॅस्टिकच्या अरुंद पट्ट्या, प्रत्येकीच्या टोकाला पिवळा चौकोनी ठिपका. बाहेरच्या लेबलवर रंगांचा तक्ता: पिवळा, मग पोपटी, मग हिरवा, शेवटी निळसर हिरवा. आमच्या घरात दहा वर्षं दिवस या बाटलीनं उजाडला. माझ्या लेकीला चौथ्या वर्षी नेफ्रोटिक सिंड्रोम हा किडनीचा आजार झाला. आज ती १९ वर्षांची आहे, आणि गेली आठ वर्षं तिचा आजार उलटलेला नाही.

सुरुवातीला कुणाला काही कळलं नाही. सकाळी उठली की पापण्या सुजलेल्या असायच्या. आम्ही ॲलर्जी समजून डोळ्यांत थेंब घालत राहिलो. मग पायावर मोज्यांचे वण खोल उठायला लागले, फ्रॉक पोटावर घट्ट बसायला लागला, लघवीला फेस दिसला. किडनीच्या गाळणीतून अल्ब्युमिन हे प्रोटीन निसटत होतं आणि त्यामुळे पाणी अंगात साठत होतं. स्टेरॉइडनं बहुतेक मुलांना गुण येतो, तसा तिलाही आला. सूज उतरली आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, हा आजार उलटतो, निदान एकदा तरी बहुतेकांचा उलटतोच, आणि सूज दिसायच्या आधी पट्टी सांगते. आम्ही पट्ट्या घ्यायला लागलो त्या तिथून.

वापरायची पद्धत सोपी आहे, पण ती तशीच पाळावी लागते. सकाळची पहिली लघवी घ्यायची. काही मुलांना दिवसभर उभं राहिल्यानंही थोडं प्रोटीन जातं, झोपून उठल्याबरोबरच्या लघवीत तो घोळ राहत नाही. ठिपका पूर्ण भिजवायचा आणि लगेच बाहेर काढायचा, पट्टीची कड भांड्याच्या काठाला लावून जास्तीची लघवी निथळून घ्यायची, आडवी धरायची आणि ६० सेकंद मोजून तक्त्याशी रंग ताडून बघायचा. घाई केली तर रंग पुरता उमटत नाही, उशीर केला तर भरवसा राहत नाही. एक प्लस म्हणजे डेसिलिटरला साधारण ३० मिलिग्रॅम, दोन प्लस १००, तीन प्लस ३००. लागोपाठ तीन दिवस तीन प्लस किंवा त्याहून जास्त आलं की आजार उलटला. लागोपाठ तीन दिवस निल (प्रोटीन नाही) किंवा ट्रेस (अगदी जेमतेम) आलं की तो आटोक्यात आला. पालकांना हे दोन नियम पाठ पाहिजेत, कारण एका दिवसाच्या हिरव्या रंगानं घाबरायचं नसतं. साध्या तापातही एखाददिवस प्रोटीन दिसतं.

विकत घेताना एकट्या प्रोटीनची, नाहीतर प्रोटीन आणि साखर अशी दोन ठिपक्यांची पट्टी घ्या. दहा ठिपक्यांची मी एकदा आणली होती. त्यात साखर ३० सेकंदांनी बघायची, प्रोटीन ६० नी, पांढऱ्या पेशी १२० नी. झोपेतून उठलेली आई, हातात रडवेलं पोर, त्यात हे वेगवेगळे सेकंद कोण मोजणार? शिवाय भलत्याच एखाद्या ठिपक्याचा रंग बदललेला दिसला की उगीच जीव टांगणीला लागतो. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. पट्ट्या पुरवून वापरायच्या म्हणून उभ्या कापून दोन करणारे लोक मी पाहिलेत. मीही केलं होतं. ठिपक्याला बोटं लागतात आणि कडा वेड्यावाकड्या होतात, म्हणून सोडून दिलं.

दमट हवा या पट्ट्यांची वैरीण. झाकणातली ओल शोषणारी पुडी काढून टाकायची नाही, पट्टी काढली की झाकण त्याच क्षणी घट्ट लावायचं, बाटली न्हाणीघरात ठेवायची नाही. एका दुकानातून आलेल्या बाटलीचं झाकण सैल होतं. आतल्या पट्ट्या कोऱ्या असतानाच मळकट दिसत होत्या. त्यांनी बदलून दिली नाही, मी ती फेकली. कोरी पट्टी तक्त्यावरच्या निलच्या रंगाशी जुळत नसेल तर ती वापरू नये, एवढं मी त्यावरून शिकले.

दुसरी चूक माझीच. एका सकाळी ठिपका थेट हिरवा झाला. आदल्या दिवसापर्यंत निल होतं, लेक हसत खेळत होती. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले, मला उठवेना. मग आठवलं की रात्री ते भांडं मी जंतुनाशकात बुडवून ठेवलं होतं आणि नीट विसळलं नव्हतं. काही जंतुनाशकांचा अंश राहिला तर पट्टी खोटा हिरवा रंग दाखवते. स्वच्छ भांड्यात पुन्हा घेतलं, पिवळं आलं. त्या दिवसापासून तिचं भांडं वेगळं, आणि ते फक्त साध्या पाण्यानं धुवायचं.

आता ज्या सकाळसाठी मी हे लिहायला बसले, ती सांगते.

लेक नऊ वर्षांची होती. तोवर आजार पाच वेळा उलटला होता, दर खेपेला साध्या सर्दीनं निमित्त केलं होतं. स्टेरॉइडनं तिचा चेहरा फुगून गोल व्हायचा, भूक आवरायची नाही, क्षुल्लक गोष्टीवरून रडू कोसळायचं. वर्गातली मुलं तिला काय म्हणायची ते मी इथे लिहिणार नाही. उंची वाढत नाही म्हणून दाराच्या चौकटीवर खूण करणंही तिनं बंद केलं होतं. त्या वेळी मात्र आठ महिने सगळं निल होतं, चेहरा मूळचा झाला होता, आणि आठवड्यावर शाळेचं स्नेहसंमेलन होतं. तिला नाचात पहिल्या रांगेत घेतलं होतं. पट्टी बघायचं काम तेव्हा तिचं तीच करायची. मला ताप होता, मी झोपले होते. जाग आली तेव्हा ती उशाशी उभी होती. हातात पट्टी, आणि ती अगदी आडवी धरलेली, मी शिकवली तशी.

"आई, तीन प्लस आहे. मी दोनदा केलं."

वहीत लिहूनही झालं होतं. तारखेपुढे तीन अधिकच्या खुणा, पेन्सिलनं, दाबून. तिला ठाऊक होतं की अजून दोन दिवस असंच आलं तर पुन्हा स्टेरॉइड सुरू, पुन्हा तो चेहरा. पट्टी केरात टाकून "निल आहे" म्हणाली असती तर मला कळलं नसतं, मी अंथरुणातून उठलेच नव्हते. नऊ वर्षांच्या पोरीनं ते केलं नाही. पुढचे दोन दिवसही तिनंच पट्टी केली, तिनंच लिहिलं. संमेलनात ती नाचली, गोळ्या सुरू झालेल्या असताना, पहिल्या रांगेत. पुढे तिनं बक्षिसं मिळवली, चांगले गुण मिळवले, मला आनंदच झाला. पण कुणी विचारलं की लेकीचा अभिमान कधी वाटला, तर माझ्या डोळ्यांपुढे ती पेन्सिलची खूण येते.

लवकर कळल्यामुळे त्या वेळी सूज आलीच नाही. दवाखान्यात राहावं लागलं नाही. पट्टीचा खरा उपयोग हाच आहे. ती आजार बरा करत नाही, तुम्हाला दोन पावलं पुढे ठेवते. आणि मुलाच्या हातात दिली तर त्याच्या आजारातला थोडा भाग त्याच्या स्वतःच्या ताब्यात येतो. सात-आठ वर्षांचं मूल हे शिकू शकतं. सेकंद मोजायला मुलांना आवडतं. सुरुवातीला रंग मात्र तुम्हीही बघा, ट्रेस आणि एक प्लस यांत मोठी माणसंही चुकतात.

नंतरच्या गोष्टी भराभर झाल्या. अकराव्या वर्षी आजार शेवटचा उलटला, बाराव्या वर्षी औषधं बंद. रोजची पट्टी आठवड्यातून एकदावर आली, मग फक्त सर्दीतापात, चौदाव्या वर्षी तीही थांबली. चौकटीवरच्या खुणा तिनं पुन्हा सुरू केल्या होत्या, आता ती माझ्यापेक्षा उंच आहे. शेवटची बाटली कपाटात न उघडता पडून राहिली आणि तिची मुदत उलटून गेली. एखादी वस्तू वापराविना बाद झाली याचा एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

औषधं बंद झाली त्याच सुमारास दवाखान्यात एक बाई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन बाकावर बसल्या होत्या, नवीन निदान, हातात नवी बाटली, डोळे लाल. लेक आपणहून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "काकू, लेबलला ओली पट्टी टेकवू नका हं, तक्ता खराब होतो. जवळ धरायची फक्त." मग स्वतःचा हात आडवा धरून त्यांना दाखवलं. मी समोरच्या बाकावर होते. मी मध्ये बोलले नाही.

मागच्या महिन्यात परीक्षेच्या जागरणांनी तिच्या पापण्या सकाळी जड झाल्या. मला सांगायच्या आधी तिनं स्वतः जाऊन नवी बाटली घेतली. मग फोटो आला, तक्त्याशेजारी धरलेली पट्टी, खाली तिचा मजकूर: "खिडकीपाशी पाहिलं. साठ सेकंद मोजले. निल." ट्यूबलाइटच्या उजेडात रंग फसवतो, फोटोत तर आणखी फसवतो, हे मीच तिला लहानपणी सांगितलेलं. म्हणून तिनं खिडकी लिहिली होती.

तरी मी फोटो मोठा करून बघितला. पिवळाच होता.