स्वस्तातला राउटर, घरचा व्हीपीएन आणि 8 बाइटची अडचण

व्हीपीएन (दोन ठिकाणांना इंटरनेटवरून जोडणारी खासगी, कुलूपबंद वाट) रखडतो म्हणून नवा राउटर घ्यायला निघाला असाल, तर थोडं थांबा. दुकानदार मलाही चौपट किमतीचा गळ्यात मारत होता. माझ्याकडचा तोच जुना, एमटी7621 चिपवाला, ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्सवर आधारलेली मोफत प्रणाली टाकलेला राउटर अजून मजेत चालतोय.

अप्पांचं दुकान नाशिकला, मी पुण्यात. दुकानाचा हिशेब रात्री मीच बघते, म्हणून दोन्हीकडच्या राउटरवर व्हीपीएन. लाइन दोन्हीकडे 100 एमबीपीएसची फायबर, तरी टॅलीचा बॅकअप आणि बिलांचे स्कॅन गोगलगायीसारखे यायचे.

सुरुवातीला ओपनव्हीपीएन हे सॉफ्टवेअर होतं. वेग पंधरा एमबीपीएसच्या पुढे सरकेना. राउटरवर काय काय चाललंय ते दाखवणाऱ्या ‘टॉप’ कमांडमध्ये प्रोसेसरचा वापर जेमतेम 25 टक्के दिसायचा, आणि फसगत इथेच होते. या चिपचे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी काम करणारे हात, चार आणि ओपनव्हीपीएन वापरतं एकच, म्हणजे तो एक पूर्ण भरलेला असतो. शिवाय एन्क्रिप्शनचं सगळं ओझं प्रोसेसरवरच. तेव्हा माझं ठाम मत झालं होतं की व्हीपीएनसाठी हा राउटर कुचकामी.

त्याच्या जागी वायरगार्ड हे दुसरं व्हीपीएन सॉफ्टवेअर टाकल्यावर ते मत बदललं. ते 2020 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे, आणि त्याचं चाचा20 एन्क्रिप्शन असल्या साध्या प्रोसेसरलाही झेपतं. वेग वाढला, पण मोठी फाइल मध्येच अडकायची. ब्रॉडबँडवाल्यांकडे तक्रार केली तर ‘स्पीड टेस्ट करा, शंभर येतंय ना?’ एवढं विचारून तिकीट बंद! पुन्हा तक्रार, पुन्हा तेच. दर महिन्याला पैसे मोजणाऱ्याला असं उत्तर देणं मला अजिबात पटत नाही.

खरी गोम एमटीयूमध्ये, म्हणजे डेटाचं एक पॅकेट जास्तीत जास्त किती मोठं असू शकतं त्या मर्यादेत, होती. आमच्याकडे आयपीव्ही4 (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) सीजीनॅटच्या मागे आहे, म्हणजे एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला, बाहेरून थेट आपल्या राउटरपर्यंत पोचता येत नाही. स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे मला भरायचे नव्हते, म्हणून टनेल, म्हणजे व्हीपीएनची वाट, आयपीव्ही6 या नव्या पद्धतीवरून नेला. त्यावर प्रत्येक पॅकेटला वायरगार्डच्या वेष्टनाचं ओझं 80 बाइटचं. टनेलचा नेहमीचा एमटीयू 1420, म्हणजे बाहेर पडणारं पॅकेट 1500 चं. आणि आमच्यासारख्या पीपीपीओईच्या (युजरनेम-पासवर्डने जोडणाऱ्या) लाइनवरून जातं फक्त 1492. जास्तीच्या 8 बाइटपायी प्रत्येक मोठ्या पॅकेटचे दोन तुकडे होणार, आणि वाटेत असे तुकडे गाळणारी उपकरणं असतातच.

तपासायचं असेल तर टनेलबाहेरून, पॅकेट न तोडण्याचा पर्याय लावून आयपीव्ही6 वर वेगवेगळ्या आकाराचे पिंग (समोरून उत्तर येतं का ते बघणारे चाचणी संदेश) करा. माझ्याकडे 1444 ला उत्तर येतं, 1445 ला येत नाही. त्यात हेडरचे (पॅकेटवरच्या पत्त्याच्या चिठ्ठीचे) 48 मिळवले की 1492. मग दोन्ही राउटरवर वायरगार्डचा एमटीयू 1412 केला आणि फायरवॉलच्या व्हीपीएन झोनमध्ये ‘एमएसएस क्लॅम्पिंग’वर (पॅकेट आधीच एमटीयूत मावेल एवढं करायला लावणारी सोय) टिक केली. वेग तिथल्या तिथे ऐंशीच्या वर गेला, आणि गेले कित्येक महिने तसाच आहे. खर्च शून्य!

कंपन्यांवर मात्र राग आहे. खोक्यावर वायफायचे आकडे हे एवढे मोठे, बाजूला ‘व्हीपीएन सपोर्ट’ असं लिहिलेलं, पण व्हीपीएनवर वेग किती मिळेल हे कुठेच नाही. गिऱ्हाईक नेमकं त्यासाठी पैसे मोजत असतं.

तुमचा टनेल आयपीव्ही4 वर असेल तर ओझं 60 बाइटचंच, 1420 ठेवलं तरी पॅकेट 1480 चं होतं आणि पीपीपीओईवरून आरामात जातं. तिथे एमटीयूला हात लावू नका, आधी टॉप बघा.