पाचशे रुपयांची दिवाळी भेट: हातात किती, खोक्यात किती?

पगारवाढ अडकलेली, ओव्हरटाइम बंद, दुकानात गिऱ्हाईक तुरळक. दिवाळी मात्र ठरल्या तिथीलाच येणार. अशा वर्षी भेटींच्या यादीवर बहुतेक घरांत एकच तोडगा निघतो: नावं तीच ठेवायची आणि प्रत्येकाचं थोडं थोडं कमी करायचं. हाच सगळ्यात महागडा तोडगा. 800 च्या जागी 500 चा डबा घेतला तरी खोकं, रिबीन आणि दुकानदाराचा नफा जवळपास तेवढाच राहतो. कात्री लागते ती आतल्या मालाला.

म्हणून इथे सगळ्या पर्यायांना एकच कसोटी लावली आहे: तुमच्या 500 रुपयांतले घेणाऱ्याच्या हातात किती पडतात आणि उरलेले कुठे जातात. भाव साधारण किराणा बाजाराचे धरलेत. तुमच्या वाण्याचे भाव घालून आकडे पुन्हा मांडा. रक्कम इकडेतिकडे होईल, पण कोणता पर्याय पुढे आणि कोणता मागे ते सहसा बदलत नाही.

सुकामेवा: तयार डबा की सुटा आणून भरलेला

चार कप्प्यांचा मखमली डबा 500 ला मिळतो तेव्हा प्रत्येक कप्प्यात बहुधा 60 ते 75 ग्रॅम माल असतो. कप्पा उथळ असतो आणि खाली पुठ्ठ्याचा उंचवटा, त्यामुळे भरगच्च दिसतो. काजू किलोला 950, बदाम 850, पिस्ता 1,150 आणि बेदाणा 450 धरला, तर 65 ग्रॅमच्या चार कप्प्यांत सव्वादोनशेच्या आतबाहेरचा माल होतो. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे खोक्यात.

हाच माल सुटा आणा आणि पिस्ता सरळ वगळा. 150 ग्रॅम काजू, 200 ग्रॅम बदाम, 250 ग्रॅम बेदाणा: साधारण 425 रुपये. वर 50 रुपयांचा घट्ट झाकणाचा डबा. 475 मध्ये 600 ग्रॅम, शिवाय डबा पुढे डाळ भरायला उपयोगी. बेदाण्यासाठी लांब जायला नको, सांगली-तासगावचा चांगला माल सगळीकडे मिळतो. तो फेब्रुवारी ते एप्रिलात तयार होतो आणि दिवाळीपर्यंत शीतगृहात राहतो. म्हणून हातात घेऊन पाहा. गोळे झालेला, पाणी सुटलेला नको.

दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे बेदाणा आणि काजू एकाच पिशवीत भरणं. बेदाण्याचा ओलावा काजू ओढून घेतो आणि चार दिवसांत काजू मऊ पडतो. पिशव्या वेगळ्याच हव्यात. दुसरी चूक प्रतवारी न विचारण्याची. डब्ल्यू 320 म्हणजे एका पौंडात, 454 ग्रॅममध्ये, 300 ते 320 काजू. आकडा मोठा तितका काजू बारीक. पाकळी आणि तुकडा स्वस्त असतो, कतलीला उत्तम, पण भेटीच्या डब्यात तो तुकडाच दिसतो. बदाम घेताना एक फोडून चावून पाहा. जुना असेल तर खवटपणा लगेच कळतो. बदाम-पिस्त्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 वर आला आहे; ‘कर वाढलाय’ असं कोणी सांगितलं तर बिल मागा.

फराळ: घरचा, विकतचा, की अर्धा-अर्धा

इथे खरी बचत आहे आणि खरे घोटाळेही.

अर्धा किलो पातळ पोहे, 150 ग्रॅम शेंगदाणे, 100 ग्रॅम डाळं, 75 ग्रॅम खोबऱ्याचे काप, 125 मिली तेल, वर मिरची-कढीपत्ता-पिठीसाखर. यात किलोला थोडा कमी चिवडा होतो आणि खर्च दीडशे-पावणेदोनशे. दुकानात तोच 400 च्या घरात. बेसनाच्या लाडवांना अर्धा किलो जाडसर बेसन, 275 ग्रॅम तूप, 400 ग्रॅम पिठीसाखर, वेलची आणि बेदाणे. 40 ग्रॅमचे 28-29 लाडू होतात, सुमारे 290 रुपयांत. म्हणजे लाडू दहा रुपयांना पडतो. विकतचा पंचवीसच्या आसपास.

आता पाकीट बांधा: पाव किलो चिवडा, सहा लाडू, 200 ग्रॅम शंकरपाळी, 200 ग्रॅम चकली. चकली विकतची आणि बाकी घरचं असेल तर डब्यासकट पावणेतीनशे. सगळं विकतचं घेतलं तर पावणेपाचशे. पाच पाकिटांमागे हजारेक रुपये सुटतात आणि घरातल्या माणसांचे दोन दिवस जातात. गॅस वेगळा. रोजंदारीवर जाणाऱ्याने दोन खाडे करून फराळ करू नये, ते आतबट्ट्याचं. सुटीचे दिवस असतील, हाताखाली एखादं माणूस असेल, तर घरचाच करावा. पाकिटं दहाच्या वर गेली तर घरच्या कढईला ते झेपत नाही. शेवटचे घाणे घाईत काढले जातात आणि तेच भेटीत जातात.

चकली विकतची का? कारण नवख्या हाताने सगळ्यात जास्त बिघडते तीच. मोहन जास्त झालं की तेलात विरघळते, कमी झालं की दात मोडतील अशी कडक होते, आणि तेल पुरतं तापायच्या आत सोडली तर तेल पिते. भाजणी तयार आणून घरी तळणं हा मधला मार्ग, पण सोऱ्या आणि सवय दोन्ही हवीत. अनारशांच्या वाटेला तर पहिल्यांदा मुळीच जाऊ नका. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, गुळात पीठ मुरवून शेवटी कढईत अनारसा हसला, म्हणजे तेलात विरघळून पसरला, की सगळंच गेलं.

घरचा चिवडा मऊ पडतो त्याची कारणं दोन. पोहे उन्हात किंवा मंद आचेवर नीट कुरकुरीत झालेले नसतात, किंवा गरम असतानाच डबा बंद केलेला असतो. वाफ आत धरते आणि तिसऱ्या दिवशी चिवडा चिवट. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा. मीठ-साखर एकत्र वाटून लावा. खडा मीठ तळाशी जातं, वरचा चिवडा अळणी आणि खालचा खारट. लाडवाचं बेसन कच्चं राहिलं तर टाळ्याला चिकटतं. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास भाजावं लागतं, रंग बदलून तूप सुटेपर्यंत. आणि पिठीसाखर कोमट झाल्यावरच घाला. गरम बेसनात घातली की मिश्रण सैल होतं आणि लाडू ताटात बसतात.

विकतचा घ्यायचाच असेल तर मोठ्या दुकानाच्या नक्षीदार खोक्यापेक्षा महिला बचत गटाचा घ्या. तिथे पैसे मालाला आणि हातांना जातात. मात्र आधी पाव किलो मागवून चव पाहा, तेलाचा वास घ्या, आणि पाकिटावर अन्न सुरक्षा परवान्याचा 14 आकडी क्रमांक व तारीख आहे का ते बघा.

मिठाई

थोडक्यात: मंदीच्या वर्षी भेट म्हणून सगळ्यात कमकुवत. खव्याची बर्फी चार दिवसांवर टिकत नाही आणि लक्ष्मीपूजनापर्यंत प्रत्येक घरात तीन डबे आधीच असतात. (सोनपापडीचा डबा सोसायटीत फिरून आपल्याच घरी परत येतो हा विनोद उगाच जन्माला आलेला नाही.) तरी घेणार असाल तर वजनकाट्यावर नजर ठेवा. काजूकतली किलोला 1,000 आणि पुठ्ठ्याचं खोकं 80 ते 100 ग्रॅमचं असेल, तर खोक्यासकट तोललेल्या अर्ध्या किलोत तुम्ही पुठ्ठ्याचे 80-100 रुपये देता. खोकं मिठाईच्या वजनात धरणं नियमबाह्य आहे. ‘रिकामं खोकं ठेवून काटा शून्य करा’ एवढं म्हटलं की बहुतेक दुकानदार निमूट करतात. नाही केलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

चांदीचं नाणं

टिकणारी भेट हवी म्हणून पुष्कळ जण इकडे वळतात. हिशोब असा करा: किलोच्या भावाला 100 ने भागलं की 10 ग्रॅमची चांदी. उदाहरणापुरता भाव दीड लाख धरा. 5 ग्रॅमच्या नाण्यात 750 ची चांदी, वर समजा 100 रुपये घडणावळ, आणि एकूण रकमेवर 3 टक्के जीएसटी: 875 च्या पुढे. मोडायला गेलात तर घडणावळ आणि कर परत येत नाहीत, शिवाय दुसऱ्या सराफाचं नाणं म्हणून वर कट लागतो. नाणं जितकं लहान तितका घडणावळीचा वाटा मोठा, म्हणून एक-दोन ग्रॅमची नाणी पाच जणांना वाटण्यापेक्षा 10 ग्रॅमचं एकच, खरोखर जवळच्या माणसाला. नाण्यावर 999 आणि वजन कोरलेलं हवं, पावतीही हवीच.

या खात्यातली खरी फसगत म्हणजे ‘जर्मन सिल्व्हर’चं तबक आणि करंडा. त्यात चांदीचा कणही नसतो. तांबं, निकेल आणि जस्त असतं. वस्तू म्हणून वाईट नाही, पण चांदीच्या जवळपासचा भाव देऊन घेऊ नये.

रोख पाकीट की गिफ्ट कार्ड

हातात पडण्याच्या कसोटीवर रोख रक्कम पहिली: 500 चे 500. भाऊबीजेच्या ओवाळणीला 501 चं पाकीट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण बरोबरीच्या मित्राला किंवा वडीलधाऱ्यांना ते कोरडं वाटतं. तिथे लोक गिफ्ट कार्ड घेतात, आणि इथे फरक कळायला हवा. बँकेचं किंवा वॉलेट कंपनीचं गिफ्ट कार्ड रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येतं: कमाल 10,000 रुपये, पुन्हा भरता येत नाही, मुदत किमान एक वर्ष. एखाद्या दुकानाचं, फक्त तिथेच चालणारं कूपन या नियमांत येत नाही. मुदत त्या दुकानाच्या मर्जीची. शिवाय 500 च्या कार्डावर 463 ची खरेदी झाली की उरलेले 37 तसेच पडून राहतात, नाहीतर ते संपवायला घेणारा पदरचे दोनशे घालतो.

वाचणारं घर असेल तर दिवाळी अंक हा या दोन्हींपेक्षा बरा. 1909 पासूनची परंपरा, खोकं नाही, आणि एक अंक घरातले तिघे वाचतात. न वाचणाऱ्याला मात्र देऊ नका, रद्दीत जातो.

घरासाठी मोठी वस्तू: रोखीने की ‘बिनव्याजी’ हप्त्यांवर

30,000 चा टीव्ही, क्रेडिट कार्डावर महिना 5,000 चे सहा हप्ते. बँक व्याज लावतेच; दुकान किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते, म्हणून ते दिसत नाही. 15 टक्के दर धरला तर सुमारे 28,730 मुद्दल आणि 1,270 व्याज. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 229 रुपये. प्रक्रिया शुल्क 199 असेल तर करासह 235. एकूण 464 रुपये जादा, आणि रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट हुकते ती वेगळी. हे अजूनही परवडतं. परवडत नाही ते एक हप्ता चुकणं. क्रेडिट कार्डाचं थकबाकीवरचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं. नोकरीची खात्री नसलेल्या वर्षी सहा महिन्यांची बांधिलकी घेऊ नका. जुना टीव्ही चालू असेल तर चालू द्या.

परदेशातल्या मुलांना

फराळाचं पार्सल आता जपून. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून थांबली, त्यामुळे कर कोण भरणार हे कुरिअरवाल्याकडून लेखी घ्या. ब्रिटनला पेढे-बर्फी पाठवू नका, दुधाच्या पदार्थांना टपालाने मनाई आहे. तिकडेच घरगुती फराळ करून देणारं कोणी मराठी माणूस सापडलं तर ऑर्डर द्या, बहुतेकदा तेच स्वस्त पडतं.

कोणाचं कापायचं

यादीला दोन रकाने करा. एकात तुमच्याकडे काम करणारी माणसं: धुणीभांडी करणाऱ्या मावशी, वॉचमन, गाडी पुसणारा. दुसऱ्यात बरोबरीचे, जिथे तुम्ही डबा देता आणि तसाच डबा येतो. पहिला रकाना आधी भरा, आणि रोखीने. मावशींना महिन्याचा पगार देण्याची पद्धत असेल तर तो पूर्ण द्या. सहा महिनेच झाले असतील तर अर्धा. जुनी साडी आणि मिठाईचा डबा हा त्याला पर्याय नाही, कारण मंदी त्यांच्या घरी आपल्याआधी पोचलेली असते. आणि धनत्रयोदशीच्या आधीच द्या, पाडव्यानंतर दिले तर त्यांची खरेदी उधारीवर होऊन गेलेली असते.

दुसऱ्या रकान्यात हवी तेवढी कात्री चालवा. भावंडांची पाच घरं असतील तर आपसातल्या देवाणघेवाणीत वीस डबे फिरतात. चिठ्ठ्या टाकून प्रत्येक घराने एकाच घराला द्यायचं ठरवलं की पाचांवर भागतं. हा फोन मात्र दसऱ्यालाच करा. दिवाळीच्या आठवड्यात केला तर समोरच्याने डबे घेऊन ठेवलेले असतात, आणि बचत गटांच्या चकल्यांची नोंदणीही तोवर बंद झालेली असते.