वारकरी क्लेरिक घ्यावा का? खरी परंपरा, मुखवटा की नवा पंथ

आषाढ लागला की ठाण्यातल्या आमच्या डी अँड डीच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) टेबलावर कुणीतरी नवा खेळाडू हमखास म्हणतो, "क्लेरिक घेतो, वारकरी करतो." क्लेरिक म्हणजे देवाच्या बळावर जादू करणारा पुजारी. कल्पना चांगलीच आहे. गावोगाव चालत जाणारा, भेटेल त्याच्या पाया पडणारा, गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस भटक्या टोळीत चपखल बसतो. पुढे मात्र तीन वाटा फुटतात आणि त्यातली कोणती धरायची हे पहिल्या सेशनच्या आधी ठरलेलं बरं. परंपरा खऱ्या नावानिशी घ्यायची, नाव बदलून तीच घ्यायची, की तिच्याकडे बघून नवी घडवायची?

खरं नाव

याचा मोठा फायदा असा की आपल्या टेबलावर काही समजावून सांगावं लागत नाही. खानावळवाला मटणाची ताटं मांडतो, सगळे त्या एका खेळाडूकडे बघतात आणि तो म्हणतो, "माळकरी आहे मी, पिठलं-भाकरी होईल का?" एवढ्यात पात्र उभं राहतं. वर खानावळवाला जर म्हणाला, "माऊली, आज एकादशी ना, मग भाकरी कशी चालेल?" तर पुढची दहा मिनिटं डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) गप्प बसावं.

अडचण येते नियमांत. गेममधल्या क्लेरिकचा करार रोखठोक आहे: तुम्ही भक्ती करा, देव स्पेल (जादूचे मंत्र) देईल, लेव्हल वाढली की जास्त देईल. वारकऱ्याचं मागणं तसलं नसतं. नामाचा विसर पडू नये, संतांची संगत घडावी, बस्स. मोक्षसुद्धा नको म्हणणारी ही परंपरा. तिला स्पेल स्लॉट (दिवसात किती स्पेल टाकता येतील याचा कोटा) जोडले की विठोबाचं वीज मंडळ होतं. त्यापेक्षा नवस या यंत्रणेत कितीतरी सहज बसतो. एकवीरेला किंवा गावदेवीला बोललेला नवस म्हणजे मागणं, शब्द आणि फेडणं. फेडायचा राहिला तर काय, या प्रश्नातून डीएमला अख्खी कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट) काढता येते. तेव्हा खरं नाव घ्यायचंच असेल, तर कार्ल्याच्या डोंगरावर नवस फेडायला निघालेला कोळी हे पात्र वारकरी क्लेरिकपेक्षा जास्त चालेल, असं माझं मत.

दुसरी अडचण फाशांची. १९८० साली टीएसआरने (डी अँड डीची तेव्हाची प्रकाशक कंपनी) 'डीटीज अँड डेमिगॉड्स' हे पुस्तक काढलं, त्यात ग्रीक आणि नॉर्स देवांच्या जोडीला इंद्र, अग्नी, कालीसुद्धा हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) आणि आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड तो आकडा) यांसकट छापले. हिट पॉइंट आहेत म्हणजे मारता येतं, हे कुठल्याही खेळाडूला सांगावं लागत नाही. २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकच्या (खेळाडूंच्या नियमपुस्तकाच्या) परिशिष्टात केल्टिक, ग्रीक, इजिप्शियन आणि नॉर्स एवढेच जुन्या जगातले देव आहेत, आपले नाहीत. मला यात काही गमावल्यासारखं वाटलं नाही. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ वर हनुमानाचा गेम आला तेव्हा अमेरिकेतून आक्षेप आला होता की बटणं दाबून हनुमानाला नाचवणं हाच अवमान आहे. तो मला पूर्ण पटत नाही. कोकणातल्या दशावतारात माणूसच पहाटेपर्यंत देव होतो आणि कुणी भुवया उंचावत नाही. पण दशावतारात शेवट ठरलेला असतो. आपल्याकडे वीस बाजूंच्या फाशावर एक पडला की देव तोंडावर आपटतो आणि टेबल खो खो हसतं. म्हणून खऱ्या नावाच्या वाटेवर माझा नियम सोपा आहे: देव खेळायचा नाही, भक्त खेळायचा. भक्त आपटला तर हसायला हरकत नाही. एकनाथ महाराजांनी भारुडांत वासुदेव, गोंधळी, जोशी, विंचू चावलेला माणूस अशी सोंगं घेतली, लोक पोट धरून हसले आणि परमार्थाला धक्का लागला नाही.

मुखवटा

विठ्ठलाचा 'विठ्ठर', पंढरपूरचं 'पंढरनगर'. सगळ्यात जास्त लोक हीच वाट धरतात, कारण कष्ट कमी. मला ती सगळ्यात कमी आवडते. कुणाला ओळखू येत नाही अशातला भाग नाही. आणि खऱ्या नावाखाली जे करायला जीभ रेटली नसती ते विठ्ठरच्या नावाखाली बिनदिक्कत होतं: पुजारी नरबळी देतात, भक्त बिनडोक असतात. जबाबदारी टाळायला नाव बदललेलं, आणि खोलीही हातची गेलेली.

गेममध्येही हे घडत आलंय. वाघाच्या तोंडाचा, उलट्या तळहातांचा राक्षस हा तिथला जुना मॉन्स्टर; नाव आपलं, बाकी त्यांचं. राक्षसाबद्दल माझी तक्रार नाही, तो उलट हातांनीही छान लढतो. पण लिचचं उदाहरण बघा. हा मेलेला जादूगार आपला आत्मा ज्या वस्तूत लपवतो तिला पुस्तकात वर्षानुवर्षं 'फिलॅक्टरी' म्हणत. ज्यू माणूस प्रार्थनेच्या वेळी दंडाला आणि कपाळाला ज्या चामडी पेट्या बांधतो, आत तोराहमधली वचनं असलेल्या, त्यांचं हे इंग्रजी नाव. टेंभी नाक्याजवळ १८७९ चं सिनेगॉग आहे आणि घरात मराठी बोलणारे बेने इस्राएली ठाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेत. त्यांच्यातला एखादा टेबलावर असेल तर "फिलॅक्टरी फोडा रे" हे त्याला कसं ऐकू येईल? नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (खेळातल्या मॉन्स्टरांच्या पुस्तकात) ते 'स्पिरिट जार' झालंय. जुनी पुस्तकं वापरत असाल तर तुम्हीही तेच म्हणा, खेळात फरक पडत नाही.

नवा पंथ

इथे मेहनत आहे, पण फळही आहे. देव उचलू नका, रीत कशी चालते ते बघा. वारीत देवळाइतकंच महत्त्व वाटेला असतं. दिंड्यांचा क्रम ठरलेला, तो मोडायचा नाही. लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. आता हे मिठाच्या वाळवंटात नेऊन ठेवा. तिथल्या लोकांना देऊळच नाही, दरवर्षीचा तांडा हेच देऊळ; आणि तांड्यात तुमची जागा कितवी, यावरून भांडणं. वारकरी कुठेही दिसत नाही, पण खेळाडूला चालण्यातलं बळ कळतं.

नवी मुंबईच्या खेळाडूंनी तर घराजवळच बघावं. आगरी लग्नात धवलारीण धवले गाऊन विधी लावते. पोथी नाही, सगळं मुखोद्गत. अशा बायकांच्या हातात धर्म असलेलं एक बंदर कल्पून बघा, जिथे म्हातारी गायिका शिष्या न मिळताच गेली तर गावातली लग्नंच अडतील. लढाई नसलेला एवढा ताण मला कुठल्या तयार मॉड्यूलमध्ये (छापील साहसकथेत) सापडलेला नाही.

जग निवडायचं स्वातंत्र्य असेल तर एबेरॉनचा (डी अँड डीचं एक तयार जग) विचार करा. तिथे देव प्रत्यक्ष येत नाहीत, पुजाऱ्याची ताकद त्याच्या श्रद्धेतून येते. म्हणजे देव खरा की खोटा हा निकाल डीएमला द्यावा लागत नाही. पात्रांना शंका घेता येते, भांडता येतं. खऱ्या परंपरेच्या जवळ जायचं असेल तर ही मोकळीक फार कामाची.

देव सोडून माणसं

देवाच्या अवमानाची काळजी सगळे करतात, माणसाकडे लक्ष जात नाही. पोतराज म्हणजे बार्बेरियन (संतापून लढणारा रानटी योद्धा), अघोरी म्हणजे नेक्रोमॅन्सर (मेलेल्यांना उठवणारा जादूगार), मुरळी म्हणजे नाचरी बार्ड (गाण्यातून जादू करणारी) अशी समीकरणं टेबलावर झटकन जुळतात. पोतराजाच्या आसुडामागे जात आहे, गरिबी आहे. मुरळी म्हणून पोरी देवाला सोडल्या जात. महाराष्ट्रात देवदासी प्रथेच्या निर्मूलनाचा कायदा २००५ चा आहे, म्हणजे गोष्ट काही फार जुनी नाही. ही पात्रं घेऊच नयेत असं नाही. पण ती घेणाऱ्याला त्या माणसाचं दिवसभराचं आयुष्य ठाऊक नसेल तर या बाबतीत तिन्ही वाटा सारख्याच वाईट.

दूरच्या परंपरांना आपण सूट देतो, तीही देऊ नये. व्हूडू हा हैतीतल्या लोकांचा चालता धर्म आहे. ओडिन-थॉरला मानणाऱ्यांच्या संस्थेला आइसलँडने १९७३ मध्ये मान्यता दिली. खुद्द डी अँड डीनेही २०२४ च्या पुस्तकात बार्बेरियनच्या 'टोटेम वॉरियर'चं (टोटेम म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं कुळचिन्ह) नाव बदलून 'वाइल्ड हार्ट' केलं.

मग घ्यायचं काय?

एकाच रात्रीचा खेळ, सगळे ओळखीचे: खरं नाव घ्या, भक्तापुरतं. लांबलचक कॅम्पेन, किंवा यूट्यूबवर टाकायचा बेत: नवा पंथ. बघणारा तुमच्या टेबलावर बसलेला नसतो, त्याला थांबवून समजावता येत नाही. मुखवट्याची शिफारस मी कुणालाच करणार नाही. सेशन झीरोला (खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीला) "कुणाला काही हरकत?" असं मोघम विचारू नका, सगळे "नाही" म्हणतात. "देवळात मारामारी चालेल? अंगात येणं चालेल? बळी?" असं एकेक विचारा आणि एक्स कार्ड (X लिहिलेलं कार्ड, त्याला हात लावला की प्रसंग थांबतो) मध्यभागी ठेवा, म्हणजे नंतर नको वाटलं तर कारण न सांगता थांबवता येतं.

आणि ज्याला वारकरीच करायचाय त्याने क्लेरिक सोडावा, बार्ड घ्यावा. बार्डची जादू देवाशी केलेल्या करारातून येत नाही, गाण्यातून येते. पहिल्याच लेव्हलला मिळणारं बार्डिक इन्स्पिरेशन म्हणजे आपला सहा बाजूंचा फासा दुसऱ्याच्या हातात देणं. दमलेल्या सोबत्याला अभंगाच्या ठेक्यावर चालतं ठेवणाऱ्या माणसाला हा नियम जणू मापानेच शिवलाय. वाद्य म्हणून वीणा लिहा, बॅकग्राउंड (पात्राचा पूर्वेतिहास) म्हणून देवळातला सेवक, म्हणजे अ‍ॅकोलाइट घ्या. करिष्मा (पात्राच्या प्रभावाचा आकडा) मात्र चांगला ठेवा, इन्स्पिरेशन किती वेळा देता येईल ते त्यावरच ठरतं.