एका ‘बग’ची सात कार्डं : अँकी ॲपचं परीक्षण

इंग्रजी शब्द पाठ करून घेणाऱ्या ॲपची परीक्षा घ्यायची तर त्याला लांबलचक, अवघड शब्द देऊन उपयोग नाही. तसल्या शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो कुठलंही ॲप घोटून घेतं. द्यावा तो ‘बग’. इंग्रजीत तीन अक्षरं, चौथीतल्या पोरालाही येणारी. आणि अर्थ मोजायला बसलात तर सात निघतात. या शब्दावर अँकी पास होतं. ॲपवर मिळणारे, इतरांनी केलेले कार्डांचे तयार संच मात्र बहुतेक नापास.

अँकी म्हणजे कार्डांची पेटी. पुढे प्रश्न, मागे उत्तर; आठवलं तर ‘गुड’, नाही आठवलं तर ‘अगेन’. आठवलेलं कार्ड दर वेळी जास्त दिवसांनी परत येतं, चुकलेलं लगेच. अँड्रॉइडवर ते ‘अँकीड्रॉइड’ नावाने फुकट मिळतं. आयफोनचं ॲप अमेरिकेत २४.९९ डॉलरला आहे. तेवढे घालवायचे नसतील तर ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडावं, ते फुकट. अँकीड्रॉइडची कार्डं फोनमध्येच असतात, त्यामुळे नागपुरात बर्डीहून खापरीला जाताना मेट्रोत नेट गेलं तरी अडत नाही. प्ले स्टोअरवर नावात ‘अँकी’ असलेली दुसरीही ॲप दिसतील, ती वेगळी.

तयार संचात ‘बग’चं कार्ड साधारण असं असतं: पुढे नुसता शब्द, मागे किडा, दोष, जंतू, छुपा माईक, त्रास देणे अशी रांग. पाचातले तीन आठवले तर ‘गुड’ दाबायचं की ‘अगेन’? माणूस एक तर स्वतःला फसवतो, नाही तर रोज हरतो. एकदा पाठ झालेलं कार्ड ८ वेळा चुकलं की अँकी त्यावर ‘लीच’ असा शिक्का मारतं. लीच म्हणजे जळू. कार्ड वेळ शोषतं म्हणून. (हाही लाक्षणिक अर्थच, फक्त जळू कीटक नव्हे.) जळू लागलेलं कार्ड घोकत बसू नये, मोडून दर अर्थाचं वेगळं नवं कार्ड करावं.

स्वतः कार्ड करायचं तर अधिकचं चिन्ह दाबून प्रकार ‘क्लोझ’ (म्हणजे रिकामी जागा भरा) निवडा, ‘टेक्स्ट’मध्ये पूर्ण वाक्य लिहा, लपवायचा शब्द निवडून क्लोझचं बटण दाबा. इथेच बहुतेकांचं चुकतं: ते ‘बग’ हाच शब्द लपवतात. मग सातही कार्डांचं उत्तर एकच, वाक्य न वाचताही येणारं. लपवायचा तो त्याचा जोडीदार. छुपा माईक ‘प्लांट’ करतात, कोडमधला बग ‘फिक्स’ करतात, पोटाचा बग ‘कॅच’ होतो, फिरण्याचा बग ‘बाइट’ करतो. लपवलेल्या शब्दापुढे दोन वेळा अपूर्णविरामाचं चिन्ह टाकून मराठी इशारा लिहिला, तर तो रिकाम्या जागी दिसतो. इशारा दोन शब्दांचाच ठेवा. लांबला की तेच उत्तर होतं.

आता अर्थ. साधा किडा हा पहिला, अमेरिकेत जास्त चालणारा; त्यावर वेळ घालवू नये. दुसरा कीटकशास्त्रातला: ‘ट्रू बग’ म्हणजे हेमिप्टेरा गण, सोंड खुपसून शोषणारे. कपाशीच्या घरातल्या पोराला हा अर्थ वावरातून आधीच ठाऊक असतो. मिलीबगला आपण पिठ्या ढेकूण म्हणतो, रेड कॉटन बगला लाल ढेकूण. खाटेतला ढेकूण तर बगच. मावा, तुडतुडे, पांढरी माशी त्याच गणातले. संत्र्यावर कोळशी (काळी बुरशी) आणणारी काळी माशीसुद्धा, नाव माशीचं असलं तरी. बोंडअळी मात्र बग नाही. ती कुरतडते आणि पुढे तिचा पतंग होतो.

गंमत अशी की संगणकाच्या इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध बग पतंगच होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू संगणकाच्या रिलेत, म्हणजे विजेच्या खटक्यात, तो अडकलेला सापडला आणि नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर हा किस्सा सांगत, म्हणून शब्दाचं श्रेय त्यांना देण्याची चाल पडली. ते खरं नाही. एडिसनने १८७८ च्या पत्रात यंत्रातल्या बारीक दोषांना ‘बग्ज’ म्हटलंय. शब्द जुना होता म्हणूनच ‘खरोखरचा बग सापडला’ ही नोंद विनोदी ठरली. नागपूरच्या मिहानमधल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत रोज ‘टाकला’, म्हणजे नोंदवला, जाणारा बग तो हाच. कार्डाच्या ‘बॅक एक्स्ट्रा’ रकान्यात एवढी ओळ लिहिली की अर्थ चिकटतो.

आजाराच्या बगला इशारा द्यावा ‘पोटाची साथ’. सावजी रस्सा झेपला नाही म्हणून पोट पेटलं, तर तो बग नव्हे. बगला जंतू लागतो. त्रास देण्याच्या क्रियापदाला ‘डोकं खाणे’ चपखल बसतं, आणि एखादी गोष्ट मनात सलत असेल तर ‘डोक्यात भुंगा’. छंदाच्या बगला ‘किडा चावणे’ लिहावं, कारण आपल्याकडेही फिरण्याचा किडा चावतोच. पण ‘किडे करणे’ म्हणजे खोड्या काढणे. त्याच्याशी बगचा संबंध नाही. इथे मराठी मदत करते आणि दुसऱ्याच वाक्यात दगा देते, म्हणून नुसता ‘किडा’ हा इशारा कुठेही नको.

सातही कार्डं एका दिवसात घालू नका, एकमेकांत गुंततात. दिवसाला दोन पुरेत, तीही लांबच्या अर्थांची: आज माईक आणि आजार, उद्या कोड आणि छंद. ॲपमध्ये नव्या कार्डांची मर्यादा मुळात २० असते; नोकरी किंवा परीक्षा सांभाळून करणाऱ्याने ती ५ करावी, कारण आजचं नवं कार्ड पुढच्या आठवड्यात उजळणी होऊन परततं. चार दिवस उघडलं नाही तर ढीग साचतो आणि तिथेच बरेच जण ॲप सोडतात.

उणीव म्हणाल तर मांडणी रुक्ष आहे आणि सेटिंगचं जंगल आहे. अर्थ समजावून सांगणं अँकीला येत नाही. आधी शिकणाऱ्यांसाठीचा चांगला शब्दकोश पाहूनच वाक्य घ्या. भाषांतराच्या ॲपमधून उचललेलं वाक्य घातलंत तर अँकी चूकही तितक्याच इमानाने पाठ करून घेईल. आणि फोन बदलण्याआधी जुन्या फोनवर ‘सिंक’ दाबा, म्हणजे कार्डं अँकीवेबवर चढतात. अँकीवेबचं खातं नसेल तर कार्डं जुन्या फोनमध्येच राहतात.