टेलिग्राम ग्रुप की गिटहब इश्यू?

जळगावच्या भाच्याने केळीच्या हिशोबाचं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) अ‍ॅप बनवलंय, आता विचारतो, मामा, वापरणाऱ्यांशी बोलायचं कुठे? पैसे दोन्हीकडे शून्य, तो विषय संपला. टेलिग्रामवर रावेर-यावलचा शेतकरीपण फोटो टाकून लगेच विचारतो, पण तोच प्रश्न आठवड्यात दहादा येतो अन् उत्तर गुड मॉर्निंगखाली गाडलं जातं (भरीत पार्टीचे फोटो वेगळेच). गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, अकाउंट काढायची कटकट आहे, पण इश्यूला (तिथे नोंदवलेल्या अडचणीला) नंबर मिळतो, नंतर शोधला की सापडतो, कोडमधल्या कोणत्या बदलाने बंद झाला तेही दिसतं. फायरफॉक्सवाल्या मोझिलानेपण २०२० मधे गप्पांसाठी आयआरसी ही जुनी चॅट सोडून मॅट्रिक्स ही नवी धरली, बगसाठी (सॉफ्टवेअरमधल्या चुकांसाठी) बगझिला ही नोंदवही मात्र ठेवलीच. नवखे वापरणारे असतील तर टेलिग्राम, कोड लिहिणारे जमले की गिटहब. भाच्याला सध्या टेलिग्रामच, फक्त बग आला की इश्यू त्यानेच टाकायचा.